उजवीकडचा दर्या

कपाट आवरताना छपाईच्या शाईचा जुना वास आला. तेच चित्र निघालं: खिडकीत थाळीभर पापलेटं, मागे खारदांड्याचा किनारा, उजव्या हाताला दर्या.

खिडकी आमच्या कोळीणमावशीची. सन पंच्याऐंशीच्या सुमारास मी चित्रकला शिकत होतो. पार्ल्यातल्या आमच्या प्रदर्शनाला ती अबोलीची वेणी माळून आली. चित्रापुढे उभं राहून तिनं डावा हात उचलला. "दर्या या बाजूला हाय ना, पोरा?"

चित्र लाकडी ठशानं छापलेलं होतं; अशा ठशासाठी लाकडावर उलटं कोरावं लागतं. मी सुलट कोरलं होतं, म्हणून छाप उलटी आली होती. सरांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"मावशी, तू आपली मासळी बघ. चित्रातलं तुला काय कळतं?" मी म्हणालो. सर हसले, मग सगळेच हसले.

"माझंच चुकलं असंल," म्हणत तिनं हात खाली घेतला.

तिचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.