धाकूचा तांबडा डोंगर

हिरव्या रंगाचा डबा माझ्याच पायानं कलंडला. शाळेच्या व्हरांड्यात धाकू चितारी नाटकाचा पडदा जमिनीवर पसरून रंगवत होता, आणि मी, शाळेचा मास्तर नि मंडळाचा सेक्रेटरी, रुबाबात पाहणी करत होतो. गोवा राज्य होणार या आनंदात आमच्या इब्रामपुरात नाटक ठरलं होतं; मध्ये दोनच दिवस. धाकूनं माझ्या माखलेल्या चपलेकडे पाहिलं आणि उरलेल्या रंगांत ब्रश बुडवला.

तीस वर्षं हा माणूस साऱ्या पेडण्याला एकच पडदा रंगवून देत आला होता: निळं आभाळ, हिरवा डोंगर, दोन माड, एक हंस. हंस इथं कुणाच्या बापानं पाहिला नव्हता, पण मंडळांना तो लागायचाच. या वेळी डोंगर लालभडक, आभाळ हळदीचं, झाडं जांभळी.

"हें काय रे, धाकू?" अध्यक्ष गोकुळदासबाब कडाडले. "डोंगर असो तांबडो खंय आसता?"

त्यांच्या पाठीशीच मे महिन्यातला खराखुरा डोंगर तांबडालाल तापून उभा होता. पण गोकुळदासबाबांचं निसर्गाचं शिक्षण स्वतःच्या दुकानातल्या कॅलेंडरांवर झालेलं. ते कशाला मागे वळतायत?

"दुपारचे थंय चढान बघा," धाकू म्हणाला. "असोच डोळ्यांत घुसता तो."

"आनी झाडां?"

"ती माका आवशीच्या लुगड्यासारकी दिसतत."

"मगे घरात वाळत घाल! लोक म्हणतले, राज्य मेळ्ळां आनी गावाक आग लागली. हिरवो मार, नायतर सावंतवाडीसून भाड्याचो पडदो हाडतां!"

दात घासण्यापलीकडे ज्यांनी कधी ब्रश धरला नाही, ते सगळे सभासद खो खो हसले. मीही हसलो, जरा जास्तच. सेक्रेटरीपद टिकवायचं होतं ना! आयुष्यात पहिल्यांदा धाकूनं मनातला पडदा रंगवला होता. तो टांगला नाही, तर मरेपर्यंत पुन्हा हंसच.

संध्याकाळी मी पेडण्याहून नवा हिरवा डबा घेऊन आलो. धाकू पडद्याशेजारी मांडी ठोकून बसला होता, राखणीला बसावं तसा.

"धाकू, समजून घे. बाबांचा मान राहील, तुझा पडदाही टांगला जाईल. कोपऱ्यातलं एक झाड हिरवं कर. एकच! तू नको करूस हवं तर, मी मारतो ब्रश."

त्यानं डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मगे खाली नाव पण तुमचाच घाला, मास्तर."