सातने न भागता

माझी भाची कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. परवा ती म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटरलासुद्धा भागाकाराचा कंटाळा येतो." आपण प्रोग्रॅममध्ये 'सातने भाग' असं लिहिलं, तरी तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर भागाकार चक्क गाळतो म्हणे. भागाकार रेंगाळतो, गुणाकार झटपट होतो. म्हणून एका ठरावीक आकड्याने गुणायचं, शेपूट छाटायचं, की उत्तर हजर.

"आणि तो आकडा जरासा जास्त धरतात ना?" मी विचारलं.

भाची बघतच राहिली. तिला काय माहीत, मावशीला हा धडा साठच्या दशकात तारापूरकडच्या एका बांधकामावर, सळयांच्या ढिगाशेजारी मिळाला होता.

मी मूळची साताऱ्याची. गणिताची पदवी घेऊन पालघरला थोरल्या भावाकडे आले आणि त्या बांधकामाच्या ऑफिसात आकडेमोडीला लागले. नेमणूक तीन महिन्यांची, कच्ची. मुलगी मशीन चालवणार म्हटल्यावर साहेबांच्या कपाळावर ज्या आठ्या पडल्या, त्या काही उतरल्या नव्हत्या.

मशीन हाताने फिरवायचं होतं. बेरजेला हँडल पुढे, वजाबाकीला मागे. गुणाकार चार फिरक्यांत व्हायचा. भागाकार मात्र छळायचा: घंटी वाजेपर्यंत मागे फिरवा, एक फेरा पुढे घ्या, आकड्यांचा गाडा एक घर सरकवा, पुन्हा तेच. आणि माझ्या वाट्याला नुसते भागाकारच आले होते. उरलेल्या सळयांचे सात-सात इंचांचे तुकडे कापत. लोखंडी जाळ्या एकमेकींपासून अंतरावर राहाव्यात म्हणून ते मधे घालायचे. कुठल्या सळईतून किती पूर्ण तुकडे निघतील, एवढंच मी लिहायचं. सळया शेकड्यांनी, लांब्या पूर्ण इंचांत मोजलेल्या पण वेगवेगळ्या, भागायचं मात्र नेहमी सातनेच.

आठवड्यात माझं मनगट सुजलं आणि डोकं चालू लागलं. सातने भागणं म्हणजे एक-सप्तमांशाने गुणणं. मग मशीनवर ०.१४२८५७ एकदाच लावून ठेवलं आणि येईल त्या लांबीने गुणत सुटले. आम्हाला पूर्ण तुकडेच हवे होते, म्हणून मशीनवर उत्तरातला अपूर्णांक दाखवणाऱ्या खिडक्यांवर मी कागदाची पट्टीसुद्धा चिकटवली. उगाच नजर तिकडे जायला नको! दिवसाचं काम जेवणाच्या सुट्टीआधी संपू लागलं. साहेबांच्या आठ्या थोड्या सैल झाल्या आणि मी हवेत तरंगू लागले.

सळया कापणारे काका बेटेगावचे होते, पन्नाशीचे, मितभाषी. एका गुरुवारी साहेब त्यांच्यावर ओरडताना ऐकू आले. माझ्या कागदात एका सळईचे चोवीस तुकडे होते, काकांनी पंचवीस काढले होते. गेल्या आठवड्यातही असंच बऱ्याचदा झालं होतं.

"तुकडे आखूड कापतोस. जाळी खचली म्हणजे?"

काकांनी ढिगातला एक तुकडा मोजून दाखवला. बरोबर सात इंच.

"बाकीचे आखूड असतील. मशीन चुकत नाही. शनिवारपर्यंत काम कर, सोमवारपासून येऊ नकोस."

दुपारी काका ऑफिसच्या खिडकीशी आले. तक्रार नाही, त्रागा नाही. एवढंच म्हणाले, "बाई, तुमचं यंत्र सात कसं मोजतं, ते मला बगायचं हाय. माजी काठी कशी मोजते, ते तुमी बगा."

मी गेले. तशीच दुसरी सळई होती, एकशे पंच्याहत्तर इंचांची. काकांनी सात इंचांची काठी तिच्यावर एकापुढे एक ठेवत नेली. पंचविसाव्या वेळी काठीचं टोक आणि सळईचं टोक एकत्र आलं. उरलं काहीच नाही.

ऑफिसात येऊन मी तेच गणित फिरवलं. चोवीस. मग पट्टी सोलून काढली. तिच्याखाली होतं ९९९९७५. चोवीस पूर्णांक आणि पंचविसाला किंचित कमी! एक-सप्तमांश दशांशात कधी संपतच नाही. मी तो सहा आकड्यांवर तोडला, म्हणजे थोडा कमी धरला. सातने पूर्ण भाग जाणारी लांबी आली की नेमका एक तुकडा गिळला जायचा, एरवी सगळं ठीक. लबाडी वाटावी असंच ते दिसत होतं, फक्त माणूस चुकीचा पकडला होता.

खरं सांगते, गुपचूप पुढचे कागद सुधारावेत असंही मनात आलं. माझी नेमणूक कच्ची होती. पण सोमवारी काकांची सळया कापायची कात्री दुसऱ्याच्या हातात दिसली असती, तर मला जेवण गेलं नसतं.

मी काकांना जाऊन सांगितलं, "चूक माझी आहे. माझा आकडा कमी पडतो."

"मग वर थोडं टाका," ते सहज म्हणाले. "केळव्याला आमचा जावय विड्याची पानं मोजून देतो, तो वर दोन पानं टाकतोच. कमी पडाया नको."

मी शेवटच्या सातचा आठ केला. ०.१४२८५८. हाही चुकीचाच, पण आता जास्तीच्या बाजूने. एकशे पंच्याहत्तरला पंचवीस आले. एकशे चौऱ्याहत्तरला चोवीसच राहिले. चुकीच्या आकड्यातून बरोबर उत्तरं येताना पाहून मी भीतीसुद्धा विसरले.

शुक्रवारी सकाळी साहेबांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी दोन्ही आकडे कागदावर ताडून पाहिले. मग म्हणाले, "आणि हा नवा आकडा कुठे चुकणार नाही कशावरून?"

"चुकेल," मी म्हणाले. रात्रीच गणित केलं होतं. "सळई अडीच मैलांहून लांब असली तर."

साहेब हसले. काकांचं नाव हजेरीत राहिलं, माझंही. माझी चूक हसण्यावारी गेली. काकांची माफी मात्र कोणी मागितली नाही.

ती मी मागितली. काकांनी काठी खाली ठेवली आणि विचारलं, "किती वाडवलंत?"

"दहा लाखातला एक भाग."

ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. "येवड्याशानं माजी भाकर जात होती?"