देवीच्या मेंढीचं रक्त

आधीच सांगते, मी स्वभावाने संशयी बाई आहे. आमच्याकडे दुधाला लॅक्टोमीटर लावल्याशिवाय चहा होत नाही. आमचे हे म्हणतात, "हिला देव भेटला तरी ही आधार कार्ड मागेल!" नवस, कौल, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण लिहिते.

मी जालन्यातल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. उमेदीची सगळी वर्षं स्टिरॉइड हार्मोन्समध्ये गेली. (स्टिरॉइड म्हटलं की लोकांना जिममधली पोरं आठवतात, पण आपलं शरीरही ती बनवतं.) त्यातलंच एक कॉर्टिसॉल. जीव भ्याला, दमला की ते रक्तात वाढतं. शून्य मात्र कधीच होत नाही. झालं तर जनावर जगत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी वैशाली मेंढरं राखणाऱ्या घरातली. उन्हाळ्यात मेंढ्यांवर किती ताण येतो, हा तिचा विषय. पिंपळगाव रेणुकाईजवळ तिच्या मामाचा कळप आहे, त्यातूनच तिने रक्ताचे नमुने आणले. सगळे आकडे छान आले. एका मेंढीचा मात्र — शून्य.

विचारलं तर कळलं, ती मेंढी रेणुकाईच्या नावाने सोडलेली. तिला कापत नाहीत, विकत नाहीत, तिची लोकरही कातरत नाहीत. मामांनी आधी देवीला कौल लावला आणि होकार आल्यावरच सुई लावू दिली म्हणे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मशीनचे आकडे पडताळायला लॅबच्या फ्रिजमध्ये एक सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, ठेवलेलं असतं — कोळशाच्या भुकटीने त्यातली हार्मोन्स शोषून काढलेली असतात. त्याचा आकडा येतो शून्य. मी सरळ विचारलं, "वैशाली, देवीच्या मेंढीला सुई लावायला भ्यालीस ना? आणि ट्यूब फ्रिजमधल्या सीरमने भरलीस?"

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्वतः काढा रक्त."

खोटा नमुना म्हणजे रजिस्ट्रेशन रद्द. घराण्यात एवढी शिकलेली ही पहिलीच पोर, त्यापायी लग्न लांबवलेलं. मला वाईट वाटत होतं, पण कमिटीला द्यायचं पत्र मी टाइप करून ठेवलं आणि पिंपळगावला गेले.

मामा बांधावरच उभे होते. "आमच्या पोरीवर डाऊट घेऊन राह्यल्या का तुमी?"

"तपासायला आलेय, मामा."

"मंग बराबर तपासा. पर कौल घेतल्याबिगर सुई न्हाई."

देवळात त्यांनी मूर्तीला दोन फुलं लावली. उजवं पडलं की होकार. डावं जास्त पाणी लावून चिकटवलंय की काय, तेही मी वाकून बघितलं! उजवं पडलं.

कळपाकडे आलो तर कुठूनसं एक भटकं कुत्रं मेंढरांत घुसलं. सगळा कळप उधळला. मीसुद्धा मागे सरले. देवीची मेंढी मात्र जागची हलली नाही. कुत्रं तिच्या तोंडापर्यंत आलं, थबकलं आणि शेपूट घालून निघून गेलं. ती चरत होती. मामा तर तिकडे दूर काठी घेऊन धावत होते... म्हणजे हे काही त्यांनी घडवून आणलेलं नव्हतं.

मी तिच्या मानेच्या शिरेतून रक्त काढलं. तिने कानही हलवला नाही. तिच्याबरोबर आणखी चार जणींचं घेतलं. राजूरमार्गे परत येताना बर्फाचा डबा माझ्या मांडीवर होता. वैशालीला घरी पाठवलं, लॅबला आतून कडी लावली आणि टेस्ट मी स्वतः केली.

चौघींचे आकडे कुत्र्याच्या भीतीने चढलेले. हिचा शून्य.

मग त्याच रक्तात मी मोजून कॉर्टिसॉल मिसळलं — तेवढं बरोबर दिसलं. म्हणजे टेस्ट ठीक. ओळखीच्या पशुवैद्याला नेऊन मेंढी दाखवली. तो म्हणाला, "धडधाकट आहे की! दोनदा व्यालीये." अशा रक्ताचं जनावर उभंसुद्धा राहू शकत नाही, हे मी त्याला सांगितलंच नाही.

पत्र फाडलं. वैशालीची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. शून्य बघून आधी मलापण वाटलेलं, माझंच काहीतरी चुकलंय."

ती डॉक्टर झाली. थीसिसमध्ये त्या मेंढीपुढे 'नमुना खराब, वगळला' असं आहे. ते वाक्य मी घालायला लावलं आणि खाली सही माझी. नमुना खराब नव्हता... खरं लिहिलं असतं तर बाहेरच्या परीक्षकांनी पोरीवर तोच संशय घेतला असता, जो मी घेतला होता.

त्या मेंढीच्या रक्ताची एक ट्यूब अजून फ्रीझरमध्ये आहे. किल्ली माझ्याकडे. कितीदा वाटतं, पुन्हा लावून बघावी. पण शून्याऐवजी काही आकडा आला, तर तिच्या त्या पहिल्या नमुन्यावरून मला वैशालीवर पुन्हा संशय येईल, मी स्वतःला ओळखते. आणि पुन्हा शून्यच आला, तर उद्या वर्गात फळ्यावर काय लिहू?