टेंभुर्णीच्या मावशीकडे

जालन्याला उतरायचं होतं आणि मी जागी झाले ती थेट परतूरला. चिपळूणहून निघताना घरच्यांनी बजावलं होतं की प्रवासात झोप आवर. तो सल्ला मी असा पाळला. फलाटावर उतरले तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं आणि कापसाने खच्चून भरलेल्या गाड्या फाटकापाशी अडल्या होत्या. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे डोंगर आडवा येतो. इथे काळी जमीन निघाली की निघालीच, पार आभाळाला टेकेपर्यंत. हातात बॅग धरून मी बावळटासारखी बघत उभी राहिले.

चहावाल्याने माझी अवस्था ओळखली. जालना मागे राहिलं, पण उलट जाणारी गाडी येईलच, तोवर भजी खा, असं त्याने समजावलं. कुठे निघालात, या प्रश्नाला मी 'टेंभुर्णीच्या मावशीकडे' म्हणाले, तसा त्याचा झारा कढईतच थांबला. "मंग बराबर चालल्या तुम्ही," तो म्हणाला. लहानपणी त्याने मावशीचा खेळ पाहिला होता. वडील गेल्यापासून न हसलेली त्याची आई त्या दिवशी हसली होती. भज्यांचे पैसे मात्र त्याने चोख घेतले.

ही मावशी म्हणजे एक पुरुष. तमाशातल्या गवळणीत (दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींचा खेळ) सगळ्यांच्या पुढे एक फटकळ मावशी चालते आणि वाट अडवणाऱ्या कृष्णाला तोंडावर सुनावते. ते सोंग नेहमी पुरुषच घेतो. टेंभुर्णीच्या लक्ष्मणरावांनी ते इतकी वर्षं घेतलं की गाव त्यांचं नाव विसरलं. आमच्या शाळेत बदलून आलेल्या वानखेडेबाईंची धाकटी बहीण शोभा त्यांच्या घरी दिलेली. चिपळुणात आम्ही बायका मिळून नाटकं बसवतो, म्हणून बाईंनी एकदा सांगितलं की यंदाच्या जत्रेत सासऱ्याच्या जागी त्यांची बहीण मावशी होणार आहे. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

जालन्याहून जाफ्राबादची एसटी मिळाली. मोसंबीच्या बागा मागे पडल्या, धूळ नाकातोंडात गेली आणि दुपारी टेंभुर्णी आलं. घराच्या ओट्यावर एक किडकिडीत म्हातारा तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. पांढरी टोपी, धोतर, खांद्यावर उपरणं. "आल्या का? सून सकाळपासून वाट पाहून राह्यली," एवढं बोलून त्यांनी आत पाणी सांगितलं. बोलण्यात काहीतरी नखरा असेल अशी माझी अटकळ होती, पण तसं काहीच नव्हतं.

पाणी पिऊन झाल्यावर मी भीत भीत विचारलं, थोडं करून दाखवाल का. ते उठलेसुद्धा नाहीत. टोपी काढून ठेवली, उपरणं डोक्यावरून घेतलं, त्याचं टोक दातात धरलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. खरं सांगते, म्हातारा तिथे राहिलाच नाही. समोर एक बाई बसली होती, आणि माझ्या साडीची किंमत, माझं वय, मी लपवलेलं सगळं तिला कळलं होतं. मग तिने माझ्या केसांकडे बघून फक्त 'हंऽ' केलं. केस मी प्रवासाला निघायच्या आधीच काळे केले होते. मी हसत हसत खांबाला टेकले आणि त्याच वेळी माझ्या अंगावर काटा आला.

ही जादू ते लपवत नव्हते, याचं मला जास्त नवल वाटलं. त्यांचे मास्तर तोंड रंगवतानासुद्धा शागिर्दांकडे पाठ करून बसत. मास्तर गेले आणि अर्धी मावशी त्यांच्याबरोबर गेली. उरलेली लक्ष्मणरावांनी आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या म्हाताऱ्यांकडे बघून जोडली. "विद्या पेटीत ठिवली तं तिला कसर लागती, ताई," ते म्हणाले. "मी कोणालाबी शिकवलं असतं. पण आली ती सूनच."

आता अडचण बघा. त्या घरात सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, नजर वर करत नाही. आणि मावशीचं सगळं काम तर मान ताठ करून. त्यावर लक्ष्मणरावांनी तोड काढली होती. तालमीची वेळ झाली की ते आपली टोपी काढून खुंटीला लावत. शोभाने ती डोक्यावर चढवली की ती सून उरत नसे, फडातला (तमाशाच्या मंडळीतला) गडी होई. मग ते तिला 'बाळू' म्हणत, अरे-तुरे करत, आणि तीही त्यांना 'ओ मास्तर' म्हणून हाक मारी. ही नुसती सोय नव्हती. मावशी म्हणजे बाई नव्हे, बाईचं सोंग घेतलेला गडी. तेव्हा आधी गडी हो आणि मग त्या गड्याला लुगडं नेसव, असं त्यांचं शिकवणं. म्हशीच्या गोठ्याशेजारच्या अंगणात एक बाई पुरुष होत होती आणि तो पुरुष पुन्हा बाई होत होता. इतकं थक्क करणारं काही मी कुठल्या रंगमंदिरात पाहिलेलं नाही.

त्या दुपारच्या तालमीत मध्येच शोभाने पाठीला बाक काढून म्हातारीची नक्कल केली. मला हसू आलं, पण लक्ष्मणरावांनी तिला थांबवलं.

"म्हातारीला हसू नको, बाळू. तिच्यासंगं हस. लोकायला घरी जे बोलता येत न्हाई, ते तिच्या तोंडून ऐकायचं असतं."

शेवटचे शब्द त्यांनी दम खात म्हटले. हल्ली चार पावलं टाकली तरी त्यांना धाप लागायची.

संध्याकाळी चुलीपुढे भाकरी आणि येसरची आमटी (भाजलेल्या धान्याच्या नि मसाल्याच्या पिठाची) खाताना शोभाने मला सगळं सांगितलं. तिचा नवरा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता. सुनेने सासऱ्यादेखत गावापुढे आचरटपणा करायचा, हे त्याला पटत नव्हतं. त्याने एकदाच परवानगी दिली होती. हसं झालं तर विषय संपला. सासऱ्यांना आता उभं राहवत नव्हतं आणि दुसरं कोणी शिकलेलं नव्हतं. म्हणजे उद्या शोभा पडली की टेंभुर्णीची मावशीही संपली.

"जे मला या घरात कधी बोलता आलं न्हाई, ते त्या लुगड्यात येतं," भाकरी थापता थापता ती म्हणाली. तिच्यासाठी मला फार भीती वाटली.

जत्रेतला खेळ दुसऱ्या दिवशी दुपारी, देवळासमोर मांडव घालून. शोभाच्या बचत गटातल्या बायका गौळणी झाल्या होत्या. हिरवं लुगडं, रुपयाएवढं कुंकू, अशी शोभा त्यांच्यापुढे झोकात आली आणि पहिल्याच वाक्याला मांडव हसला. मग तिची नजर पुढे गेली. पंचांनी मानाने लक्ष्मणरावांना अगदी पहिल्या रांगेत बसवलं होतं, आणि टोपी त्यांच्या डोक्यावर होती.

शोभाचा हात आपसूक पदराकडे गेला. पदर डोक्यावर आला, मान खाली गेली. ती बोलायचं विसरली नव्हती. लग्न झाल्यापासूनची सवय तिच्या आधी हलली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "सून लाजली," आणि नको ते हसू पसरलं. खांबापाशी उभा असलेला तिचा नवरा जमिनीकडे बघू लागला.

तेवढ्यात लक्ष्मणराव उठले. टोपी शेजाऱ्याच्या हातात दिली, उपरणं डोक्यावरून घेतलं आणि धापा टाकत मंचाच्या पायऱ्या चढले. पुढे गेले नाहीत. गौळणींच्या रांगेत सगळ्यांच्या मागे, नव्या नवरीसारखी मान घालून उभे राहिले.

"मावशे, मलाबी संगं घे," ते बारीक आवाजात म्हणाले. "बाजार लांब हाय अन् मी नवी हाय."

शोभा वळली. मान घातलेल्या त्या सासऱ्याकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग पदर डोक्यावरून काढून कमरेला खोचला.

"नवी हाईस? मंग मुकाट्यानं मागं चाल. अन् सासऱ्याचं भ्याव वाटलं तं मला सांग. मी बघते त्याला."

पहिल्यांदा बायका हसल्या, मग सगळा मांडव. नवराही हसला, डोळे पुसत. पुढचा सगळा खेळ तिने असा ओढला की कृष्णाचं काम करणारा गडी खरंच घाबरला. लक्ष्मणराव एका गौळणीचा हात धरून शेवटपर्यंत शोभाच्या मागे मान खाली घालून चालत होते. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

सकाळी शोभा पुन्हा डोक्यावर पदर घेऊन सासऱ्यांना चहा देत होती आणि तेही तिच्याशी नेहमीसारखं जेवढ्यास तेवढं बोलत होते. मला पोचवायला ते काठी टेकत एसटीपर्यंत आले. काल सून कशी वाटली, मी विचारलं.

"मी सदा पुढं चाललो, ताई. सारा जलम मावशी केली, पण मला ती कधी दिसली न्हाई. काल मागं उभा राह्यलो, तवा दिसली." मग हळूच म्हणाले, "लई देखणी हाय."

एसटी जालन्याच्या रस्त्याला लागली. आपण आयुष्यभर अंगात वागवलेलं माणूस दुसऱ्याला देऊन टाकावं, तेव्हा कुठे ते आपल्याला डोळ्यांनी पाहायला मिळावं, हे मी चिपळूणच्या आमच्या नाटकातल्या बायकांना कसं सांगणार होते कोण जाणे. खिडकीबाहेर मोसंबीच्या बागा गेल्या असतील. मला त्या दिसल्या नाहीत, डोळे भरून आले होते.