हात दाखवला की थांबणारी बोट

कालव्याच्या उद्घाटनाला माझ्या मामाने उत्सव समितीच्या अध्यक्षबाईंना बोटीतून पाण्यात ढकललं, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. पाववाला डोळे मोठे करून सांगतो, "बुडत होत्या हो! नुसता हात वर होता!" न्हावी त्यात भर घालतो की ढकलण्याआधी मामाने शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या. न्हाव्याचं दुकान इतक्या आत आहे की तिथून कालवा सोडा, समोरचा नळसुद्धा धड दिसत नाही. पण बाह्या दिसल्या.

हे सगळं साफ खोटं आहे. अध्यक्षबाई पाण्यात पडल्याच नाहीत. त्या ड्रममध्ये पडल्या.

आता नीट सांगते. माझा मामा जन्मभर बस चालवायचा. त्याची बस कालव्याच्या काठाकाठाने जायची, आणि तेव्हाचा कालवा म्हणजे पाणी कमी आणि मोडके फ्रिज जास्त. मग लोकांनी मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन चिखल उपसला, फ्रिज काढले, दगडी भिंती सांधल्या आणि एक दिवस वरच्या दारातून पाणी सोडलं. काठावरचा रस्ता फिरायला जाणाऱ्यांसाठी ठेवला आणि बस मागच्या मोठ्या रस्त्यावर हलवली. मामा त्याच सुमारास निवृत्त झाला. म्हणजे एकाच फटक्यात बसही गेली आणि रस्ताही.

घरी बसल्यावर मामाचं काय झालं ते बघवत नव्हतं. म्हणजे मला बघवत होतं, मी तर पोट धरून हसायचे. जेवण झालं की ताटली दोन्ही हातांत धरून तो खिडकीसमोर बसायचा आणि वळणं घ्यायचा. मामी म्हणायची, "मी काही बोलत नाही. पण काल झोपेत ह्यांनी मला ओव्हरटेक केलं." मामीचं प्रत्येक बोलणं 'मी काही बोलत नाही'पासून सुरू होतं आणि मग दुपार संपते.

तेवढ्यात समितीने फिरत्या बोटीसाठी हौशी चालक हवेत म्हणून पाटी लावली. पाटीची शाई वाळायच्या आत मामा तिथे हजर. बोट लांबलचक आणि बुटकी, मागे एक लाकडी दांडा. दांडा डावीकडे लोटला की बोट उजवीकडे जाते. मामाने हे इतकं मन लावून शिकून घेतलं की घरातही उलटा चालायला लागला. न्हाणीघरात जायला निघाला की थेट कपाटावर आपटायचा. पण बोट मात्र लोण्यासारखी वळवायचा. अडचण एकच होती. बोटीला ब्रेक नसतो आणि मामाच्या उजव्या पायाला हे कुणी कळवलं नव्हतं. दुसरी बोट जवळ आली, वळण आलं, बदक आलं, की पाय फळीवर दाबला जायचा. त्या जागेचा रंग बघता बघता उडाला.

तर उद्घाटन. बोटीत समितीची माणसं, मागे बँडवाले, पुढे त्यांच्याकडे तोंड करून अध्यक्षबाई हातात कर्णा घेऊन उभ्या, आणि बाईंच्या पाठीशी, अगदी टोकाला, बँडचा मोठा ड्रम. दोन्ही काठांवर हीऽऽ गर्दी. केकचे स्टॉल, पताका, प्लास्टिकच्या पिवळ्या बदकांची शर्यत. बाईंनी सुरुवात केली, "म्हणजे कसंय ना, हा कालवा म्हणजे नुसतं पाणी नाही, म्हणजे कसंय ना..."

आणि काठावरच्या एका पोराने बोट बघून हात हलवला.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? उलट हात हलवला असता. पण मामाच्या डोक्यात हात दाखवला म्हणजे प्रवासी. प्रवासी म्हणजे थांबायचं. पाय फळीवर गेला, काही झालं नाही, मग हाताने इंजिन उलटं फिरवलं. बोट जागच्या जागी उभी. अध्यक्षबाई मात्र थांबल्या नाहीत. त्या झोकांड्या खात मागे मागे गेल्या आणि मोठ्या ड्रममध्ये बसल्या. चामडं फाटल्याचा असा काही 'ढब्ब' आवाज झाला की लोकांना वाटलं कार्यक्रमातलाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवून झाल्यावर काय केलं? हात हलवले.

मामाने सगळ्यांसाठी थांबवली. एकालाही सोडलं नाही. "चला, चला, मागे जागा आहे," म्हणत माणसं घेतली. लोकांना वाटलं, वा, फुकट फेरी! समितीच्या माणसांच्या मांडीवर अनोळखी पोरं बसली. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तासाभरात जाणारी बोट दिवेलागणीला पोचली, तेव्हा ती इतकी खाली गेली होती की कडेवर बसलेल्यांच्या चपला भिजत होत्या.

खरंच जायचं होतं म्हणून चढलेलं माणूस सगळ्या गर्दीत एकच. दगडी पुलाजवळच्या जुन्या बसथांब्याशेजारी राहणाऱ्या शिवणवाल्या आजी. तिथे आता बस येत नाही, नुसती शेड उरली आहे. आजींचा गुडघा त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊ देत नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या गोदामात समितीची बैठक बसली. ओल्या दोरांचा वास, भिंतीला टेकवलेली वल्ही, कोपऱ्यात तो बिचारा ड्रम. अध्यक्षबाई उशीवर बसल्या होत्या. मी मामाबरोबर गेले होते, कारण नकला करायला एवढं घबाड मी कसं सोडणार? बाईंचं ते नाकातून 'म्हणजे कसंय ना' मी दारातच घोटून तयार केलं.

"म्हणजे कसंय ना," बाई म्हणाल्या, "तुम्ही माणूस चांगले आहात. पण ही बस नाही. समारोपाच्या दिवशी एक फेरी करा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये कुठेही बोट थांबली, तर दांडा माझ्या पुतण्याकडे."

पुतण्या तिथेच बसला होता. त्याने आजवर जी काही बोट चालवली ती मोबाइलवर.

मामा एरवी शब्दाला शब्द वाढवणारा माणूस. पण त्या दिवशी "बरं" म्हणाला आणि उठला. बाहेर येऊन बराच वेळ बोटीचा दांडा रुमालाने पुसत राहिला. दांडा स्वच्छच होता. तेवढ्यापुरतं मलाही हसू आलं नाही.

घरी आल्यावर आलं.

"मामा, तू थांबणारच," मी म्हटलं.

"नाही थांबणार."

"अरे, काल तू धुणं वाळत घालणाऱ्या बाईसाठी थांबलास! ती चादर झटकत होती!"

"लांबून हातच वाटला."

"मी काही बोलत नाही," मामी चहा गाळता गाळता म्हणाली, "पण आमच्या लग्नात पाहुण्यांनी निरोपाला हात हलवले, तर हे गाडीतून खाली उतरले होते. पैज लावायची तर माझेही पैसे पोरीच्या बाजूने."

मामाने कप खाली ठेवला. "ए पोपटा, लावतेस पैज?" मला तो पोपटच म्हणतो. "मी थांबलो तर माझी ड्रायव्हरची टोपी तुझी. नाही थांबलो तर आठवडाभर कुणाचीही नक्कल करायची नाही. स्वतःच्या आवाजात बोलायचं."

टोपीवर माझा केव्हाचा डोळा होता. तिच्याशिवाय मामाची नक्कल म्हणजे मीठ नसलेलं जेवण. मी टाळी दिली. शिवाय एक हुकमी पत्ता माझ्या घशात होता, तो मी आधी सांगितला नाही.

समारोपाच्या दिवशी पुन्हा तेच. बँड, केक, पताका, उनाड बदकं. अध्यक्षबाई ह्या वेळी बसून होत्या, बाकाला घट्ट धरून. बोट सुटली आणि दोन्ही काठांवर हातांचं रान उठलं. मामाने टोपी भुवयांपर्यंत ओढली. हात दिसला की पाय दाबला जायचा, घाम गळायचा, पण बोट पुढे. पुतण्या बाकावर अंगठे फिरवत तयारीत.

मग मी माझा पत्ता टाकला. कंडक्टरची घंटी. एकदा वाजली की थांब. जीभ टाळूला लावून, नाक किंचित दाबून, अगदी हुबेहूब, 'टिंग!'

बोटीतली दोन माणसं सवयीने उठून उभी राहिली. मामाचा खांदा हलला. दांडा हलला नाही.

"पोपटा," तो मागे न बघता म्हणाला, "आमची घंटी फाटकी होती. ही नवीकोरी वाजली."

माझा चेहरा पडला. पण पूल जवळ येत होता आणि शेडमध्ये आजी उभ्या होत्या. खांद्याला कापडाची पिशवी, एका हातात काठी, दुसरा हात सरळ पुढे. तो हात हलत नव्हता. बाकी सगळे हात मजेचे होते. हा एकच जायचं म्हणून धरलेला.

मामाने इंजिन बारीक केलं. मी मनात टोपी घालूनसुद्धा बघितली.

पुलाखाली कालवा इतका अरुंद आहे की बोटीची कड काठाच्या दगडाला घासते. मामाने बोट त्या कडेला अशी लावली की मध्ये बोटभर फट राहावी. मग इंजिन आणखी बारीक. आणखी. बोट गोगलगायीला लाजवेल अशी सरकायला लागली.

"म्हणजे कसंय ना," अध्यक्षबाई ताडकन उठल्या, "थांबतोय का आपण?"

"बाई, खाली बघा," मामा म्हणाला.

काठाच्या गवतात एक पिवळं बदक अडकून बसलं होतं. सगळे कडेवरून वाकले. बदक आधी बाईंच्या समोर होतं. मग खजिनदारांच्या समोर आलं. मग बँडवाल्याच्या. हळूहळू, पण येत होतं. बोट चालू होती.

आणि शेजारी काठावरून आजी चालत होत्या, काठी टेकत, बोटीच्या बरोबरीने.

"चालत्या गाडीत चढू नका, असं जन्मभर तूच खेकसलास ना रे माझ्यावर?" आजी म्हणाल्या.

"आज चढा!" मामा ओरडला. "बाई, हात द्या त्यांना! मला दांडा सोडता येत नाही!"

बाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांच्याशिवाय उभं कुणीच नव्हतं. त्यांनी वाकून आजींचा कोपर धरला, बँडवाल्याने पिशवी ओढली, आणि आजी अलगद आत आल्या. बाईंच्याच जागेवर बसल्या, आणि वर म्हणाल्या, "उशी छान आहे."

मामाने इंजिन वाढवलं. पुतण्याने मोबाइल बाहेर काढला.

पलीकडच्या टोकाला उतरल्यावर समिती एका कोपऱ्यात घोळक्याने कुजबुजली. खजिनदारांनी बदकाची साक्ष दिली. शेवटी अध्यक्षबाई मामासमोर आल्या. "म्हणजे कसंय ना," त्या म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबली तर नाही. दांडा तुमच्याकडेच राहू दे. पण पुलाखाली त्या काठाला एक पायरी करून घेऊ. माझी कंबर गेली."

मामाने मान डोलावली आणि गर्दीत मला शोधून काढलं. टोपी काढली, झटकली आणि पुन्हा स्वतःच्याच डोक्यावर घातली.

तेव्हापासून मी स्वतःच्या आवाजात बोलते आहे. पहिल्या सकाळी मी "मामी, चहा दे" म्हटलं, तर मामी आतून ओरडली, "कोण आलंय बघा हो दारात!" पाववाल्याने मला सर्दी झाली का विचारलं. मामा तर मुद्दाम समोर बसून 'म्हणजे कसंय ना' म्हणतो आणि माझ्याकडे बघत राहतो.

म्हणून हे लिहायला घेतलं. मामाने वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्यात सगळ्यांचे आवाज काढलेत तू."

"बोलायचं नाही असं ठरलं होतं," मी माझ्या त्या बेचव आवाजात म्हटलं. "लिहायचं नाही असं नाही. आपल्या घरात पैज शब्दाला धरूनच जिंकतात ना?"

मामाचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. पण मी पण ब्रेक नसलेलीच आहे.