आपांनी नको म्हटलेला प्रश्न

मी टीव्हीत आले ती बातम्या वाचायला, हिंगोलीच्या एका केबल चॅनेलवर. कापडदुकानाच्या माडीवर एक खोली, मागं निळा पडदा, वर दोन ट्यूबलाइट. कॅमेरावाला लग्नाच्या शूटिंगला गेला की आमच्या बातम्यांना सुट्टी. आमच्या पुसेगावहून बस पकडायची, नरसीला वयस्कर यात्रेकरू चढले की उठून जागा द्यायची, हिंगोलीत उतरून केस नीट करायचे आणि उद्या कोणत्या भागात पाणी येणार नाही ते वाचायचं. वडील शाळेत मास्तर होते. ते घरी टीव्हीसमोर वही घेऊन बसत आणि माझे चुकलेले उच्चार लिहून ठेवत. रात्री जेवताना वही पुढं सरकवत.

तिथून औरंगाबाद, तिथून मुंबई. मुंबईत मी दुपारच्या एका गप्पांच्या कार्यक्रमाची निर्माती झाले आणि तो सादरही मीच करायला लागले. साध्या बायका यायच्या, सोफ्यावर बसायच्या, आपलं आयुष्य सांगायच्या. पडद्यावर मी वडिलांच्या वहीतली भाषा बोलायचे. पण पाहुणीला आधी फोन करायचा असला की घरची बोली काढायचे. "काहून घाबरून राहिल्या? म्या हाय ना," असं म्हटलं की आमच्याकडच्या बायका पाघळायच्या. टीव्हीतल्या बाईला जे सांगितलं नसतं, ते पुसेगावच्या पोरीला सांगायच्या. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि मी ते वापरत होते.

दुसरी एक गोष्ट मला जमायची, ती म्हणजे गप्प बसणं. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. समोरचा माणूस अवघडतो आणि मग नको ते बोलून जातो. नव्या मुलींना मी हे शिकवायचेसुद्धा.

आखाडा बाळापूरच्या आपा मला एका ओळखीतून कळल्या. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं अख्खी गल्ली त्यांना आपा म्हणायची. बाजाराजवळ गाद्या-रजया भरून द्यायचं त्यांचं दुकान होतं. कापूस पिंजायचं मशीन स्वतः चालवायच्या. नवरा नाही, पदरात एक मुलगी, ती सतरा वर्षांची. 'एकटीनं उभा केलेला संसार' असा विषय आम्ही घेतला होता. त्यात त्या बरोबर बसत होत्या.

मी चार-पाच वेळा फोनवर बोलले. चौथ्या वेळी आपांनी मागचं मशीन बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बाई, तुमी आपल्याकडच्या, म्हणून सांगून राहिले. पोरीचा बाप मेला न्हाई. हैदराबादला कामाला गेला, तिकडंच दुसरी केली त्यानं. पोरगी दोन वर्साची होती. म्या तिला मेला म्हणूनच सांगितलं. गल्लीत बी तेच सांगितलं. तेवढं टीव्हीवर इचारू नका."

मी म्हणाले, "न्हाई इचारत, आपा."

स्टुडिओत त्या नवा बुरखा घालून आल्या होत्या. बसल्यावर तो मागं सारून डोक्यावर ओढणी घेतली. कानाजवळच्या केसात कापसाचा एक तंतू अडकला होता. मेकअपवाली तो काढायला गेली, तर मीच तिला राहू दे म्हणाले, चित्रात छान दिसत होता. पहिली वीस मिनिटं त्या मशीनबद्दल बोलल्या, ओल्या कापसाबद्दल बोलल्या, हसल्या. भाग चांगला होत होता, पण नुसता चांगला. आणि मी विचारलं, "मुलीला कधी वडिलांची कबर दाखवली?"

हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. कुणी कानात सांगितला नव्हता. निर्माती मीच होते, सांगणार कोण?

आपांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण चुकीचं ऐकलं असावं, तसं. मी मान थोडी तिरपी केली आणि थांबले. डाव्या हातानं कॅमेऱ्याला हातांचं चित्र घ्यायची खूण केली. आपांच्या दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांवर घासत होते. मग त्या म्हणाल्या, "कबर न्हाई, बाई. मेलाच न्हाई तो. गेला सोडून."

आत नियंत्रण कक्षात कुणीतरी रडत होतं, असं मला नंतर सांगितलं. मला त्याचा आनंद झाला होता.

भाग लागायला तीन आठवडे होते. आपांचे फोन आले. "तेवढं काढून टाका. लई तकलीफ होईल." मी म्हणाले, "बघते." दुसऱ्यांदाही म्हणाले, "बघते." त्यानंतरचे दोन फोन मी घेतले नाहीत. आपांनी 'बघते'चा अर्थ 'काढते' असा घेतला असणार. आमच्याकडं मोठ्या बाईनं बघते म्हटलं की काम झालं, असंच धरतात. म्हणून त्यांनी मुलीला काही सांगितलं नाही. उलट अख्खी गल्ली घरी बोलावली. आपा टीव्हीवर येणार म्हणून शेजारणींनी शिरखुर्मा केला होता म्हणे. त्या सगळ्यांच्या मधोमध बसून मुलीनं ते वाक्य ऐकलं.

तो भाग माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात गाजलेला. मुलाखतीत मला त्याच्याबद्दल विचारायचे आणि मी 'ती शांतता कशी सुचली' ते सांगायचे. बरीच वर्षं सांगितलं.

मग कार्यक्रम बंद झाला. नव्या कार्यक्रमाला नवा चेहरा हवा होता. वडिलांची दृष्टी गेली होती, त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. मी परत आले. हिंगोलीत एक खोली घेतली, वडिलांना तिथं आणलं, एक कॅमेरा घेतला आणि इंटरनेटवर स्वतःचं छोटं चॅनेल सुरू केलं. वाटलं, आता शांत होईल सगळं.

झालं उलटंच. मुंबईत असताना आपा माझ्यासाठी एक भाग होत्या. इथं त्यांचा आवाज मला कुठंही भेटायला लागला. बँकेत रांगेत उभी होते, पुढचा माणूस मोबाइल चाळत होता. त्यातून एकदम आलं, "कबर न्हाई, बाई." खाली कुणीतरी रडकं संगीत लावलेलं. त्यानं अंगठ्यानं वर सारलं आणि पुढचं काहीतरी विनोदी लागलं. मी रांग सोडून बाहेर आले. मंगळवारी बाजारात वांगी निवडताना मागून एक बाई नुसतं "बाई" म्हणाली, वाट मागायला, तर माझ्या हातातली पिशवी पडली. मुलाखती घेताना समोरचा माणूस विचार करायला क्षणभर थांबला की मी घाईघाईनं दुसरा प्रश्न विचारायचे. क्लिप काढून टाकायला मी पत्रं लिहिली. कार्यक्रम करणारी कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी उत्तर दिलं नाही. आणि दिलं असतं तरी ती आता किती मोबाइलमध्ये होती कुणास ठाऊक.

गेल्या वर्षी सकाळी साखर तपासायला एका लॅबमध्ये गेले. तोंडाला मास्क लावलेली एक तरुणी टेबलाशी होती. तिनं फॉर्मवरचं माझं नाव वाचलं, मग माझ्याकडं बघितलं.

"डावा हात द्या, मॅडम."

दंडाला पट्टा बांधला. शीर शोधली. सुई इतक्या हलक्या हातानं घातली की कळलंसुद्धा नाही. नळीत रक्त भरत असताना ती म्हणाली, "मी बाळापूरची. गादीवाल्या आपांची मुलगी."

मला उठता येईना, सुई हातात होती.

"मी हैदराबादला जाऊन आले," ती म्हणाली. "अब्बांना बघितलं. रस्त्याच्या पलीकडून. बोलले न्हाई. त्याचं मला काही न्हाई." तिनं सुई काढली, कापूस दाबून धरला. "पण अम्मीनं तुम्हाला आधी सांगितलं. मला सांगितलं न्हाई. अख्ख्या महाराष्ट्राला सांगितलं, मला न्हाई. मी कामापुरता फोन करते तिला. हिंगोलीतच राहते, तरी ईदला जात न्हाई."

तेव्हा मला कळलं की हिला काहीच माहीत नाही. आईनं हौसेनं सांगितलं, असंच ती इतकी वर्षं धरून बसली होती. आणि आपांनी कधी सफाई दिली नव्हती, का दिली नव्हती ते मला अजून कळलेलं नाही.

मी तिथंच सांगितलं. आपांनी विचारू नका म्हणून विनवलं होतं, मी शब्द दिला होता आणि मुद्दाम विचारलं. नंतर त्यांचे फोन आले होते, ते मी घेतले नाहीत. दारात दोन पेशंट उभे होते, ते ऐकत होते. मी थांबले नाही.

तिनं मास्क खाली घेतला. तोंड आपांचंच होतं. "हे कॅमेऱ्यासमोर सांगाल?"

"सांगीन. पण आपांना चालेल का?"

"या खेपेला आधी विचारते तिला," ती म्हणाली. "रिपोर्ट संध्याकाळी घेऊन जा."

आठ दिवसांनी तिचा मेसेज आला. अम्मी हो म्हणाली. नाव घेऊ नका. गाव सांगितलं तरी चालेल, सगळ्यांना माहीतच आहे.

मी ते तीनदा रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा बरोबर जागेवर माझा आवाज दाटला आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं, इथं चित्र जवळून हवं होतं. मला स्वतःची शिसारी आली. ते पुसून टाकलं. दुसऱ्यांदा मी टीव्हीतली घाई, स्पर्धा, वरचा दबाव असं बरंच बोलले. दबाव कुणाचाच नव्हता. तेही पुसलं. तिसऱ्यांदा खिडकी उघडी ठेवली, बाहेर ऑटो वाजत होते, वाजू दिले आणि काय झालं तेवढं सांगितलं. वडील कॉटवर बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "त्या बाईचं तू कधी सांगितलं नाहीस." मी म्हणाले, न्हाई सांगितलं. त्यांनी उच्चार सुधारला नाही.

तो व्हिडिओ थोड्याच लोकांनी बघितला. जुनी क्लिप अजून फिरते, परवाच एका ओळखीच्या बाईनं मला पाठवली, बघा किती भारी बोलायच्या तुम्ही म्हणून.

मुलीचा एकच आवाजी मेसेज आला. "अम्मीनं बघितलं. म्हणाली, बाई म्हातारी झाली." पुढं काही नाही. ईदला ती तीन दिवस बाळापूरला राहिली, हे मला लॅबमधल्या दुसऱ्या बाईकडून कळलं. मला कुणी बोलावलं नाही आणि ते बरोबरच आहे.

कामासाठी नांदेडला जाते तेव्हा बाळापुरात बस थांबते. लोक चहाला उतरतात. मी खिडकीशी बसून राहते. रस्त्यावरून आपांचं दुकान दिसत नाही, दोन गल्ल्या आत आहे असं ऐकलंय. कंडक्टर घंटी मारतो, बस निघते.