आवोमावशीची हाक

आमच्या गल्लीत जिच्या तोंडी देवाचं नाव कधी आलं नाही अशी एकच बाई होती, आणि त्याच देवासाठी दर वर्षी पायी रान तुडवणारीही तीच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा तिचा नेम, आणि नवऱ्याचं नाव मल्लय्या. श्रीशैलाचा देवही मल्लय्याच! देवाला ती "डोंगरावरचे" म्हणायची, मल्लय्या दूधवाल्याला "म्हशीवाले", आणि नवऱ्याला "आवो". त्यावरून सगळी गल्ली तिला आवोमावशी म्हणे.

शिमगा सरला की नवराबायको सोलापुरातून चालत निघायची. डोंगरावर मोटार जात नसे तेव्हा. काका काठी आपटत पुढे, मावशी भाकरीचं गाठोडं घेऊन चार पावलं मागे, वाटेतल्या झाडांना नावं ठेवत. "सावली न्हाय ती न्हाय, वर काटं किती!" वर्षाची भांडणं ती दोघं वाटेवरच उरकत असावीत, कारण परतल्यावर महिनाभर घरातून आवाज येत नसे.

मी गिरणीत नुकताच लागलो होतो, तेव्हा आईच्या नवसापायी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. शेवटी दाट जंगल लागलं. बांबूची बेटं, दगडांची वाट आणि वाघाच्या गोष्टी. यात्रेकरू "मल्लय्याऽ" अशी आरोळी ठोकत, की मागून तसाच जाब येई. मावशी नुसते हात जोडायची.

दुपारी काका तांब्या घेऊन ओढ्याकडे उतरले, ते परतलेच नाहीत. उन्हं कलली. बरोबरचा एक म्हातारा म्हणाला, "हितं थांबायचं न्हाय. जनावर पाण्यावर येतंय." मावशी हलेना. तिनं हाक दिली, "आवोऽ!" वाटेवरच्या निम्म्या नवऱ्यांनी "काय गं?" म्हणून माना वळवल्या. मला हसू फुटलं, पण मावशीचा चेहरा पाहिला आणि ते जिरलं.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "मल्लय्याऽ!" लगेच वाटभर जाब उठला, "मल्लय्याऽ!" ओढ्याकडून काहीच नाही. ती रडकुंडीला आली. "आरं, गप बसा की! मी माज्या मल्लय्याला हाक मारतिया, तुमच्या न्हवं!" सगळे चिडीचूप. तिनं पुन्हा हाक मारली आणि थांबली. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून आवाज आला, "हाय की हितं! पाय मुरगळलाय."

आम्ही त्यांना वर काढलं. मावशीच्या खांद्यावर हात टाकून ते चालू लागले. दोघं बरोबरीनं चालताना मी पहिल्यांदाच पाहिली. काका भलतेच खुशीत होते.

"मला आदी वाटलं, यात्रेकरूच वरडत्यात. पुन्यांदा एकदा हाक मार की."

"मारली तेवढी बास हाय."

पुढे जन्मभर ते हेच मागत राहिले आणि ती "आवो"वरून ढळली नाही. शेवटच्या दुखण्यातही त्यांनी मागितलं. घर माणसांनी भरलेलं. मावशीनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला, ओठ हलले, पण शब्द आला तो "आवो" असाच. काका गेले.

त्यानंतर रोज दिवेलागणीला मावशी उंबऱ्यात उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "मल्लय्याऽ!" म्हातारपणी मावशी देवाचं नाव घ्यायला लागली, असं गल्लीला वाटलं. मी ती हाक रानात ऐकली होती. हाक मारली की ती तशीच उभी राहायची, कान देऊन. खालून उत्तर यायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं.